दीड सूत

मागच्या जून महिन्यात मी इन्स्टाग्रामवर एक फोटो टाकला. सागवानी लाकडाचं, भिंतीवर टांगलेलं, दोन दारांचं एक कपाट. खाली लिहिलं होतं, 'डिझाइन ते पॉलिश, सगळं माझ्या हातांनी.' माझ्या आजवरच्या कुठल्याही पोस्टला मिळाले नव्हते इतके लाइक्स त्याला मिळाले. एका मित्राने लिहिलं, 'कोड सोड, हेच कर.'

त्या वाक्यात मला तेव्हा काहीच खटकलं नव्हतं. आता खटकतं. 'हे मी केलं' असं माणूस नेमकं कधी म्हणू शकतो, या प्रश्नाभोवती मी गेले काही महिने फिरतोय. उत्तर सोपं असेल असं वाटलं होतं, पण तसं निघालं नाही.

मी पुण्यात खराडीला नोकरी करतो. गाव नेवासा तालुक्यात, फाट्यापासून थोडं आत. शुक्रवारी संध्याकाळी नगर रोडच्या गर्दीतून सुटलो की शिरूर, सुपा, नगर, घोडेगाव करत रात्री उशिरा घरी पोचतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण कंडक्टरच्या आणि आमच्या तोंडी अजून नगरच.

गावातला आमचा जुना वाडा २०१९ मध्ये पाडला. वाडा म्हणजे काही चौसोपी वगैरे नव्हता. जाड भिंतींचं, माळवदाचं घर. पांढऱ्या मातीच्या त्या भिंती दोन-अडीच फूट रुंद होत्या, आणि त्यामुळेच त्यांच्या पोटात कोनाडे आणि फडताळं मावायची. आजीच्या फडताळात लोणच्याची बरणी, पोथी, घासलेटची चिमणी आणि एका डब्यात सुट्टे पैसे असायचे. नवीन घराच्या विटांच्या भिंती सहा आणि नऊ इंची. त्यांच्या पोटात काही मावत नाही. जे काय ठेवायचं ते बाहेरून टांगायचं.

आईला फडताळ हवं होतं. माळवदाच्या चार तुळया गोठ्याच्या मागे पडून होत्या. मी म्हणालो, मी करतो.

आधी लॅपटॉपवर डिझाइन केलं. नव्वद सेंटिमीटर उंच, साठ रुंद, पंचवीस खोल. प्रत्येक तुकड्याचं माप मिलिमीटरमध्ये, दशांश चिन्हासकट. टांगायची पद्धतही व्हिडिओ बघून ठरवली. एक पट्टी पंचेचाळीस अंशांत उभी कापायची, तिचा अर्धा भाग भिंतीला, अर्धा कपाटाच्या पाठीला. कपाट वरून अडकवलं की स्वतःच्याच वजनाने ते भिंतीला घट्ट बसतं. सगळं स्क्रीनवर फिरवून बघितलं. एकही फट नव्हती.

मग लाकूड समोर आलं. तुळई सरळ नव्हती. तिच्यात गंजलेले खिळे होते, आणि एका टोकाला कुणीतरी पटाशीने खोदलेली खाच होती. खाचेशेजारी तीन चिरा होत्या. कुठली तुळई कुठल्या खांबावर बसवायची, याची खूण असावी. ज्याने त्या चिरा मारल्या त्याचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. वाडा कुणी बांधला असं विचारलं, तर आम्ही पणजोबांचं नाव सांगतो. पणजोबांनी आयुष्यात करवत धरली असेल असं मला वाटत नाही.

गावात एक मिस्त्रीबाबा आहेत. वय सत्तरीच्या पुढे. मला रंधा कसा धरायचा, पातं किती बाहेर काढायचं, धार कशी लावायची, हे त्यांनी दाखवलं. त्यांनी शिकवलं असं म्हणणं जरा मोठं होईल. मी रविवारी सकाळी ओट्यावर खटपट करायचो आणि ते येता-जाता थांबायचे. "रेषा बघ आधी," एवढंच म्हणायचे, आणि मी फळी उलटी फिरवली की रंधा अचानक गुळगुळीत चालायला लागायचा.

एकदाच ते खाली बसले. मी दाराची चौकट आणि मधली फळी यांची मापं दाखवत होतो. चौकटीला आतून खोबण, आणि खोबणीत फळी सरकवलेली. त्यांनी माझा प्रिंटआउट हातात घेतला, मिलिमीटरकडे दुर्लक्ष केलं आणि विचारलं, "फळीला दोन्ही अंगांनी जागा किती सोडली?"

मी अभिमानाने सांगितलं, अजिबात नाही. एकदम फिट.

"दीड सूत सोड," ते म्हणाले. "पावसाळ्यात लागंल."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दीड सूत म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. ज्या डिझाइनमध्ये मी अर्धा मिलिमीटर वाचवायला तासभर बसलो होतो, त्यात मुद्दाम पावणेपाच मिलिमीटरची फट ठेवायची, हे मला अडाणीपणाचं वाटलं. हो म्हणालो आणि सोडली नाही.

अकरा रविवार गेले. जूनच्या पहिल्या आठवड्यात कपाट भिंतीवर चढलं, आणि मी तो फोटो टाकला.

लाकूड मेल्यावरही श्वास घेतं असं म्हणतात. कवितेसारखं वाटलं तरी हे साधं भौतिकशास्त्र आहे. हवेतला ओलावा वाढला की लाकूड तो शोषतं आणि फुगतं. लांबीत जवळजवळ नाही, पण रुंदीत, म्हणजे रेषांना आडवं, नक्की. सागवान या बाबतीत शहाणं लाकूड समजलं जातं. तरी कोरड्या उन्हाळ्यापासून ऐन पावसाळ्यापर्यंत एक फूट रुंदीच्या फळीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. पुलाच्या दोन भागांमध्ये फट सोडतात, हे मी पहिल्या वर्षाला शिकलो होतो. परीक्षेत चार मार्कांना लिहिलंही होतं.

जुलैत पुण्यात असताना आईचा फोन आला. दार लागत नाही. मी म्हणालो, पुढच्या शनिवारी येतो. पुढचे तीन शनिवार रिलीजमध्ये गेले. ऑगस्टमध्ये गेलो तर दार मऊसूत लागत होतं. मी म्हणालो, बघ, बसलं आपोआप.

आई म्हणाली, "आपोआप कसलं? मिस्त्रीबाबांनी येऊन बसवलं."

फुगलेल्या फळीने चौकटीचा सांधा फोडला होता. त्यांनी तो उरलासुरला उघडला, फळी बाहेर काढली, दोन्ही कडांनी तासली, परत सरकवली आणि सांध्यात बांबूची खुंटी मारली. अर्ध्या दिवसाचं काम. पैसे घेतले नाहीत. मला सांगू नको असंही म्हणाले नाहीत. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

तोवर पोस्टला दोन महिने झाले होते.

सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न आम्ही यंत्रावर सोपवलाय. कोडची प्रत्येक ओळ कुणी, कधी लिहिली याची नोंद राहते. कुणी माझ्या कोडमधली चूक दुरुस्त केली, तर तिथे त्याचं नाव येतं आणि ते कुणी खोडायला गेलं तर त्याचीही नोंद होते. लाकडाला असा इतिहास नसतो. रंधा मारला की आधीच्या हाताची खूण भुशात जाते. म्हणून ती नोंद ठेवायचं काम माणसाच्या जिभेवर येतं, आणि माझ्या जिभेने 'सगळं माझ्या हातांनी' असं लिहिलं होतं.

मी पोस्टखाली मिस्त्रीबाबांचा उल्लेख घातला. मला बरं वाटलं. प्रकरण इथेच संपलं असतं, पण त्याच आठवड्यात ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने विचारलं, "मला असं एक करून देशील? अठरा हजार देतो."

मी कपाट करत बसणार नव्हतो. पण वाटलं, काम मिस्त्रीबाबांना देऊ. त्यांना विचारलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. चार दिवस, दिवसाचे नऊशे, लाकडाचे साधारण सहा हजार. नऊ हजार सहाशे. माझ्यापेक्षा चांगलं होणार हे सांगायची गरजच नव्हती. मी सहकाऱ्याला आनंदाने कळवलं की गावातले जुने सुतार करतील, त्यांचे नऊ हजार सहाशे होतील.

तो म्हणाला, "गावातले सुतार ना? मग सहा-सातमध्ये बसव की."

तो वाईट माणूस नाही. त्याने मला अठरा हजारांचा आकडा स्वतःहून दिला होता, घासाघीस न करता. तेच कपाट, तेच लाकूड, वर जास्त कसबी हात. तरी किंमत निम्म्यावर आली, आणि त्यावर पुन्हा घासाघीस. मधल्या वेळात बदललं होतं फक्त करणाऱ्याचं नाव.

मला राग आला. मग आठवलं की तीन वर्षांपूर्वी नवीन घराच्या चौकटी याच मिस्त्रीबाबांनी बसवल्या होत्या. तेव्हा मी पुण्यातून फोनवर त्यांची मजुरी आठशे पन्नासवरून सातशेवर आणली होती. सहा दिवसांचं काम होतं. नऊशे रुपये वाचवले म्हणून मी वडिलांकडून शाबासकीही घेतली होती.

तेव्हापासून मला हा प्रश्न नावापुरता वाटेनासा झाला.

जॉन लॉक नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १६८९ मध्ये मालकीचं एक स्पष्टीकरण दिलं, ते आजही आपल्या डोक्यात बसलेलं आहे. निसर्गातल्या वस्तूत मी माझे श्रम मिसळले की ती माझी होते. ऐकायला किती न्याय्य. पण त्याच विवेचनात लॉक सहज सांगून जातो की माझ्या नोकराने कापलेलं गवताचं ढेकूळही माझंच. नोकराचे श्रम मालकाच्या खात्यात कसे जमा झाले, हे सांगायची त्याला गरज वाटत नाही. आमच्या पणजोबांनी वाडा 'बांधला', तो असाच.

आपल्याकडे या हिशेबाची व्यवस्थाच होती. सुतार बारा बलुतेदारांतला. नांगर, कुळव, पाभर, गाडा यांची कामं त्याने वर्षभर करायची आणि सुगीला खळ्यावरून बलुतं न्यायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून ही सगळी रचना कागदावर आणली. या रचनेत सुताराला काम मिळायचं आणि धान्यही मिळायचं. 'आज नको' म्हणायची मोकळीक मात्र मिळायची नाही. आणि इतर जातीतल्या पोराला रंधा धरावासा वाटला तर त्यालाही वाट नव्हती. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. जात ही कामाची विभागणी नाही, ती काम करणाऱ्यांचीच विभागणी आहे. आवड, कुवत, निवड, यातलं काहीच तिथे विचारलं जात नाही.

या बाजूने बघितलं तर मी ओट्यावर बसून रंधा मारणं चांगलंच वाटतं. शेतकऱ्याच्या घरातला, इंजिनियर झालेला पोरगा सुताराच्या हाताखाली शिकतोय. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं आणि पुढे त्यांनी तिथे औद्योगिक शिक्षणाची शाळाही चालवली. गांधीजींनी १९३७ च्या वर्धा परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. या दोन्हींमागचे हेतू वेगवेगळे होते, पण हात आणि जन्म यांची गाठ त्यातून थोडी सैल होत होती. मग माझ्या हौसेत वाईट काय?

हौसेत वाईट काही नाही. पण ही गाठ माझ्या बाजूने जितकी सैल झाली, तितकी त्यांच्या बाजूने झालेली नाही. मी रविवारी लाकडाकडे जातो आणि सोमवारी लॅपटॉपकडे परत येतो. माझ्या बोटाला पटाशी लागली तर ती स्टोरी होते. मिस्त्रीबाबांच्या डाव्या अंगठ्याचं नख कायमचं वाकडं आहे, त्याचा फोटो कुणी काढलेला नाही. सहकारी ज्याचे अठरा हजार द्यायला तयार होता ते माझं कसब नव्हतंच. मला हे करायची गरज नव्हती आणि तरी मी केलं, याचे ते पैसे होते. ज्याच्यापुढे दुसरा रस्ता असतो त्याच्या श्रमाला आपण कला म्हणतो. ज्याच्यापुढे नसतो त्याच्या श्रमाला मजुरी म्हणतो आणि मग ती कमी करायला बघतो.

२०१२ मध्ये मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिएली या संशोधकांनी एक गोष्ट प्रयोगांतून दाखवली होती. स्वतः जोडलेल्या, घडी घातलेल्या साध्यासुध्या वस्तूची माणूस अव्वाच्या सव्वा किंमत करतो. एका स्वीडिश फर्निचर कंपनीच्या नावाने तो 'आयकिया परिणाम' म्हणून ओळखला जातो. मला माझं कपाट का आवडतं, हे त्यातून कळतं. पण सहकाऱ्याने तर त्या कपाटाला हातही लावला नव्हता. त्याचं गणित त्यातून सुटत नाही. ते सुटतं, ते आपण कुणाच्या हाताला किती मान द्यायचा हे आधीच ठरवून बसलोय, यातून.

इथे एक आक्षेप मी स्वतःलाच घेतला. बाजारात किंमत अशीच ठरते. लोक वस्तूबरोबर गोष्टही विकत घेतात. चित्रावर सही कुणाची, यावर किंमत बदलते, त्याला आपण अन्याय म्हणत नाही. खरं आहे. पण सही विकत घेणारा माणूस सही नसलेल्या चित्रकाराला 'तुझा रंगाचा खर्चही जरा कमी धर' असं सांगायला जात नाही. गोष्टीसाठी जास्त देणं वेगळं आणि गोष्ट नाही म्हणून कष्टाचेही कापणं वेगळं. मी आणि माझा सहकारी, दोघांनी दुसरी गोष्ट केली होती.

दुसरा आक्षेप मिस्त्रीबाबांनी घेतला, आणि तो जास्त लागला. मी एकदा हळहळून म्हणालो होतो की तुमचा मुलगा टेम्पो चालवतो, ही विद्या आता जाणार. ते हसले. "तुझा आजा मोट हाकायचा. विहिरीवर इंजिन आलं तवा रडला का कुणी?"

मी गप्प. आजोबांच्या हातातली मोट सुटली याचं आमच्या घरात कुणालाही दुःख नाही. उलट मोटर बसली त्या दिवशी पेढे वाटले होते. मग सुताराच्या मुलाने मात्र पटाशी धरून ठेवावी, म्हणजे मला रविवारी शिकवायला कुणीतरी राहील, ही अपेक्षा कुठून आली? पूर्वी बलुत्याने त्याला गावात अडकवलं. आता माझं हळवेपण त्याला तिथेच अडकवू बघत होतं, आणि तेही बलुतं न देता.

तर मग 'मी केलं' असं म्हणूच नये का? तसंही नाही. अकरा रविवार मी घाम गाळला. करवत माझ्याच हातात होती. फार नम्र होऊन 'मी काहीच केलं नाही' म्हणणं हाही एक खोटेपणाच, आणि तो बरेचदा कौतुक वाढवण्यासाठीच असतो. शिवाय सगळ्यांचे आभार मानायला निघालो तर झाडापर्यंत जावं लागेल. सीमा कुठेतरी घालावी लागतेच.

मला सापडलेली सीमा अशी: ज्याच्या श्रमावाचून माझं काम उभं राहिलं नसतं, आणि जो समोर हजर आहे, त्याचं नाव घेणं ही पहिली पायरी. पण नाव घ्यायला मला काही पडत नाही. पोस्ट बदलायला अर्धा मिनिट लागलं होतं, आणि मिस्त्रीबाबा इन्स्टाग्रामवर नाहीत. नावाला वजन येतं ते पुढच्या पायरीने. माझ्या कामाला जे माप लावतो तेच त्यांच्या कामाला लावायचं. माझ्या एका तासाची किंमत कुणी खाली ओढली तर मला जसा अपमान वाटतो, तसा त्यांनाही वाटत असणार, हे धरून चालायचं. त्यांना वाटतं का हे विचारायचीही गरज नाही.

सहकाऱ्याला मी कळवलं की किंमत नऊ हजार सहाशेच राहील. त्याने 'बघतो' म्हटलं आणि नंतर विषय काढला नाही. आमचं बोलणं पहिल्यासारखंच आहे, फक्त कपाटावर होत नाही.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा मिस्त्रीबाबांना नऊशे रुपये दिले. कशाचे म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, चौकटींच्या वेळी दिवसाला दीडशे कापले होते, सहा दिवसांचे. मला वाटलं होतं, ते नको म्हणतील आणि मग मला आग्रह करावा लागेल. मनातल्या मनात मी तो प्रसंग रंगवूनही ठेवला होता. त्यांनी नोटा मोजल्या, बंडीच्या खिशात ठेवल्या आणि विचारलं, "तीन वर्षांचं व्याज?"

मग स्वतःच हसले. मी हसलो, पण थोडा उशिरा.

पाऊस संपलाय. हवा कोरडी झाली तशी कपाटाच्या दारातली फळी आकसली. खोबणीत लपलेली तिची कड आता बाहेर दिसते. दोन्ही बाजूंना एक-एक बारीक फिकट रेघ, जिथे माझं पॉलिश पोचलंच नव्हतं. आई म्हणते, तेवढ्याला ब्रश मार, डोळ्याला खुपतं. पुढच्या पावसात ती रेघ पुन्हा आत जाईल आणि उन्हाळ्यात परत बाहेर येईल.

मी अजून ब्रश मारलेला नाही. फोटो मात्र नवा काढला, दार जवळून, रेघ दिसेल असा. त्याला जेमतेम चाळीस लाइक्स आले. एकाने विचारलं, 'ही फट कसली रे?' त्याला लिहिलं, दीड सूत आहे, आणि ती माझी नाही.